टेलचं गिऱ्हाईक

निवृत्त माणसाला घरात दोनच कामं मिळतात. एक म्हणजे तापत ठेवलेल्या दुधाकडे लक्ष ठेवणं, आणि दुसरं म्हणजे ते उतू गेल्यावर बोलणी खाणं. पाटबंधारे खात्यात ३२ वर्षं कारकुनी करून मी घरी बसलो, त्यानंतर या दोन्ही कामांत माझा हात चांगलाच बसला आहे. त्यामुळे २०२५ च्या आषाढात वरकुट्याहून पुतण्याचा फोन आला आणि "नाना, दुकान हलवायचंय, तुम्ही दोन दिवस याच," असं तो म्हणाला, तेव्हा मला पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं.

हलवाहलवीचा मला अनुभव आहे. पुण्यात मी पाच बिऱ्हाडं बदलली. बरणी कुठल्या गादीत गुंडाळावी आणि गादी कुठल्या बरणीने फाटते, हे मला पाठ आहे. "तुम्ही उचलणार काय? सल्ला?" असं आमच्या घरातून विचारणं झालं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. मंडईजवळ जाऊन सुतळीचे दोन मोठे गुंडे घेतले, रद्दी बांधली, एक जुनी बंडी पिशवीत टाकली आणि स्वारगेटला इंदापूरची एसटी धरली.

वरकुटे हे गाव सापडायला तसं अवघड, कारण या नावाची गावं एकाहून जास्त आहेत. इंदापूर तालुक्यातच वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द अशी दोन, आणि शिवाय साताऱ्याकडे माण तालुक्यात वरकुटे-मलवडी. माझ्या लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते मीच घातले होते आणि घाईत नुसतंच 'मु. वरकुटे' असं लिहीत सुटलो होतो. काही पत्रिका भलत्याच वरकुट्याला पोचल्या आणि तिथल्या कुणा सज्जनाने ११ रुपये आहेराची मनीऑर्डर केली. तो कोण हे अजून कळलेलं नाही. आमचं वरकुटं यातलं कोणतं ते मी सांगत नाही. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्यातले पाहुणे रागावतात.

घरापुढे उतरलो तर टेम्पो नव्हता, हमाल नव्हते, ओट्यावर एक खोकंसुद्धा नव्हतं. दादा तेवढा बाजेवर तंबाखू मळत बसला होता. मी सुतळीचे गुंडे त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, "कधी निघायचं? सामान कुठंय?"

दादाने एकदा सुतळीकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे पाहिलं.

"वर," तो म्हणाला. "ह्यो तुझा पुतण्या दुकान ढगात नेतोय. टाक सुतळी वर."

तोवर पुतण्या बाहेर आला आणि उलगडा झाला. हलवायचं होतं ते इंटरनेटवरचं दुकान, आणि न्यायचं होतं ते क्लाउडवर. क्लाउड म्हणजे ढग हे मलाही कळत होतं. पण आमचा तालुका पर्जन्यछायेतला. इथे ढग मुंबईच्या पाहुण्यासारखे येतात. लांबून हात हलवतात आणि पुढे सोलापूरला जातात. ज्या गावात पावसाच्या बाबतीत ढगाचा कुणी भरवसा धरत नाही, त्या गावातलं चालतं दुकान त्याच्या स्वाधीन करायचं म्हणजे दादाच्या दृष्टीने वेडेपणाच होता.

हे दुकान २०२० च्या लॉकडाउनमध्ये निघालं. बाजार बंद, एसटी बंद, आणि घरात बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकून आलेली सूनबाई. तिने आणि पुतण्याने मिळून वेबसाइट उभी केली. शाळूची ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, वहिनींचा काळा मसाला आणि सणासुदीला फराळाचे डबे असा माल. शेजारच्या दहा-बारा बायका येऊन चकल्या पाडायच्या, लाडू वळायच्या. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं मिळाली. न्यू जर्सीतला मुलगा कोथरूडच्या आईला वरकुट्याचा फराळ पाठवू लागला. कोथरूडला फराळ मिळत नाही असं नाही, पण आईला काहीतरी लांबून आलं पाहिजे, आणि मुलगा येत नाही.

मग आली २०२४ ची दिवाळी. मुंबईच्या एका बाईंनी वहिनींच्या मसाल्याची आमटी केली आणि तिची फिल्म काढून मोबाइलवर टाकली. ती आमटी हां हां म्हणता लाखो लोकांनी बघितली, आणि वसुबारसेच्या संध्याकाळी त्यातले हजारो लोक एकदम आमच्या दुकानात शिरले. दुकान बसलं. पान उघडेना, पैसे भरले जाईनात. दोन दिवसांनी ते उठलं तेव्हा लोक दुसरीकडून फराळ घेऊन मोकळे झाले होते.

"गिऱ्हाईक लई झालं म्हणून दुकान बंद पडलेलं मी पहिल्यांदाच बघितलं," दादा मला म्हणाला होता. "आमच्या वेळंला गिऱ्हाईक न्हाई म्हणून पडायची."

शिल्लक राहिलेला फराळ घरच्यांनी खाल्ला, पाहुण्यांनी खाल्ला, पाहुण्यांच्या पाहुण्यांनी खाल्ला. संक्रांतीला आमच्याकडे तिळगुळाबरोबर चकली देत होते. यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि मी हसतही होतो. पण फराळाचं सामान आणि बायकांची मजुरी यांसाठी वहिनींच्या पाटल्या बँकेत गहाण पडल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. वहिनी वाढायला आल्या की त्यांच्या रिकाम्या मनगटाकडे कुणी बघत नसे. न बघण्याची सगळ्यांना सवय झाली होती.

पुतण्याच्या फोनच्या पाठोपाठ सूनबाईनेही एक फोन केला होता, हळू आवाजात. "नाना, मामा तुमचं ऐकतात. यंदाची दिवाळीही तशीच गेली तर हे पुण्याला नोकरीला जायचं म्हणताहेत. अर्ज करून ठेवलेत."

म्हणजे मला सुतळी बांधायला बोलावलेलं नव्हतं. दादाची समजूत घालायला बोलावलं होतं. आणि समजूत घालायची, तर आधी आपल्याला समजायला हवं.

रात्री जेवणं झाल्यावर सूनबाई मला समजावून सांगायला बसली. दुकान ज्या मशीनवर होतं ते म्हणे अमेरिकेत होतं. तिथली जागा स्वस्त मिळाली होती. म्हणजे भोसरीच्या माणसाने आमचा मसाला बघायचा म्हटलं की त्याचा निरोप समुद्राखालच्या तारेतून अमेरिकेला जाणार आणि डब्याचा फोटो घेऊन परत येणार. नुसतं जाऊन यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. ऐकायला कमी वाटतं, पण एक पान उघडायला अशा पुष्कळ खेपा होतात. त्यात हजार माणसं एकदम आली की मशीनला धाप लागते.

"आणि आता काय करायचं?"

"आता मधे एक कंपनी घ्यायची. तिची मशीनं गावोगाव असतात. मुंबईत, चेन्नईत, लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये. आपल्या फोटोंच्या, पानांच्या नकला ती तिथे ठेवणार. भोसरीच्या गिऱ्हाइकाला मुंबईतूनच माल दाखवायचा आणि न्यू जर्सीवाल्याला तिकडूनच."

मी एकदम ताठ बसलो. ३२ वर्षांत जे मी रोज फायलींत वाचलं, तेच ही पोरगी मला सांगत होती!

इंदापूर तालुका म्हणजे कालव्यांचं शेपूट. भाटघर-वीरचं पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामतीवरून इकडे येतं, आणि खडकवासल्याचं पाणी उजव्या कालव्याने हवेली, दौंड करत इकडेच येतं. वाटेत काही मुरतं, काही उन्हाने उडतं, काही उसाला आवडतं. उरेल ते टेलला. टेलचा शेतकरी चारीवर कंदील घेऊन उभा राहायचा आणि पाण्याच्या आधी पहाट यायची. मग लोकांनी काय केलं? शेततळी खणली, काळ्या प्लास्टिकचं अस्तर घातलं, आणि पाळी आली की पाणी घराजवळ भरून ठेवायला लागले. आता दारं धरायला रात्रभर धरणाच्या नावाने जागावं लागत नाही.

"म्हणजे शेततळी!" मी ओरडलो. "मुंबईत एक शेततळं, लंडनला एक शेततळं!"

"तेच म्हणते मी," सूनबाई म्हणाली. शिकलेली माणसं आपण सांगितलेलं दुसऱ्याला सुचलं की अशी शांत राहतात.

मला भलताच हुरूप आला. मग तिने सांगितलेला इतिहासही मी मन लावून ऐकला. इंटरनेटवरची पानांची ही वेब काढणारा टिम बर्नर्स-ली यानेच १९९५ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत म्हणे सांगितलं, की गर्दी वाढली की सगळं तुंबणार, यावर कुणीतरी उपाय शोधा. टॉम लेटन नावाचे गणिताचे प्राध्यापक आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी तो शोधला, आणि १९९८ साली अकामाई नावाची कंपनी निघाली. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ हुशार. दादा बाजेवर डोळे मिटून पडला होता. तो तसाच म्हणाला, "आक्कामाई म्हंजे आपल्या वड्याकडंची न्हवं?" ओढ्याकाठच्या देवीचा आणि या कंपनीचा संबंध नाही, हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. पण त्यातला तो लेविन ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळलेल्या पहिल्याच विमानात होता, आणि वय अवघं ३१, हे ऐकल्यावर दादा उठून बसला. "पोरगं गेलं," एवढंच म्हणाला. तेव्हापासून या प्रकाराबद्दलचा त्याचा सूर जरा उतरला.

ही युक्ती केवढ्या गर्दीला पुरते याचा दाखला दादाने स्वतःच पाहिलेला होता. १० जुलै २०१९, मँचेस्टर, विश्वचषकाची उपांत्य फेरी, आपण विरुद्ध न्यूझीलंड. त्या दिवशी मुंबईच्या हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक सामना बघत होते. ते सगळे मँचेस्टरला जाऊन धडकले असते तर इंग्लंड बुडालं असतं. ज्याला त्याला जवळच्या साठ्यातून चित्र मिळत होतं, म्हणून जमलं. "धोनी मातुर त्यात वाचला न्हाई," दादा म्हणाला. तो धावबाद झाला ते दादाने याच बाजेवर बसून मोबाइलवर पाहिलं होतं आणि नंतर दोन दिवस मोबाइल चार्ज केला नव्हता.

पुतण्याच्या मनातला सल मात्र वेगळा होता. दुकान बसलं म्हणजे आपणच नालायक, असं त्याने घेतलं होतं. मी त्याला फ्लिपकार्टची गोष्ट सांगितली. ६ ऑक्टोबर २०१४ ला त्यांनी मोठी विक्री लावली, गर्दीने साइट कोलमडली, आणि दुसऱ्या दिवशी मालकांनी गिऱ्हाइकांची जाहीर माफी मागितली. "त्यांच्याकडे शेकडो इंजिनिअर होते. तुझ्याकडे तुझी बायको आहे," मी म्हणालो. हे धीराचं वाक्य होतं, पण सूनबाईने ते कौतुकाचं समजून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी खरी अडचण उभी राहिली, ती रखवालीची.

२०२४ च्या त्या गर्दीत सगळीच गिऱ्हाइकं खरी नव्हती म्हणे. मशीनंही होती. एक फुकट्या यंत्र मिनिटाला शेकडो वेळा खोटे पासवर्ड लावून बघत होतं, दुसरं टोपलीत माल भरून नाहीसं होत होतं. हे मी तर लगेच ओळखलं. पाणी मागायचा अर्ज म्हणजे नमुना नंबर ७. समजा, कुणी खोट्या नावांचे दहा हजार नमुना सात एकदम कारकुनाच्या टेबलावर ओतले तर? कारकून ते चाळत बसेल आणि खरा शेतकरी दारात वाळेल. यात टेबलाला कुणी हात लावलेला नसतो, पैसा चोरलेला नसतो, तरी कचेरी बंद! २१ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकेत असंच झालं होतं. कुणीतरी लोकांच्या घरांतले कॅमेरे फितवले, आणि त्यांनी मिळून इंटरनेटचे पत्ते सांगणाऱ्या एका कंपनीवर इतकी गर्दी केली की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्यांचे पत्तेच लोकांना मिळेनात. घराची राखण करायला लावलेले कॅमेरे, आणि दरोड्याला तेच!

तर ही मधली कंपनी नुसती शेततळं देत नाही, फाटकावर पाटकरीही देते. आलेला माणूस आहे की यंत्र, हे तो बघतो आणि खोटे नमुना सात बाहेरच फाडून टाकतो.

"पगार किती?" दादाने विचारलं.

"सुरुवातीला फुकट," पुतण्या म्हणाला.

हे ऐकून दादाचा संशय दुप्पट झाला. फुकट वैद्य आणि फुकट रखवालदार यांच्यापासून आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या लांब राहिलेलं आहे. "आन् येणाऱ्याची झडती कशी घेतो? गिऱ्हाइकाचं पत्र तर बंद पाकिटात असतं म्हनता."

सूनबाई जरा थांबली. तिला थाप मारता आली असती. ती म्हणाली, "मामा, तो पाकीट उघडतो. आत काय आहे ते बघतो, परत बंद करतो आणि आपल्याकडे पाठवतो. त्याशिवाय त्याला चोर ओळखता येत नाही."

"म्हंजे आपली पत्रं पोस्टमन वाचणार."

"हो."

"आन् दुकानाचा पत्ताबी त्येच्याच हातात."

"हो. कुणी विचारलं की दुकान कुठं आहे, तर ते तोच सांगणार."

दादा उठला आणि गोठ्याकडे गेला. पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. हीच ती समजूत, जी घालायला मला बोलावलं होतं; आणि माझ्याकडे घालायला काही नव्हतं, कारण दादाचं बरोबर होतं. कुणाच्याही हातात घराची किल्ली देताना माणसाचं पोट ढवळतं. ढवळावंच.

मी गोठ्यात गेलो. दादा म्हशीच्या पाठीवरून उगाच हात फिरवत होता.

मी म्हणालो, "दादा, मी पुण्याला गेलो तेव्हा माझ्या खोलीची किल्ली कुणाकडे दिली होती?"

"माझ्याकडं."

"पेटीत काय आहे ते तू बघितलंस?"

"बघितलं की. घूस लागलीय का ते बघाया नगं?"

"काही गेलं?"

"आईचं लुगडं तेवढं थोरलीच्या लग्नात काढलं. तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

दादा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी तुझा भाऊ हाय. ही कंपनी कोन?"

"कंपनी भाऊ नाही," मी म्हणालो. "पण भाऊ २४ तास फाटकावर उभा राहत नाही. किल्ली द्यायची, पण पेटीत काय आहे त्याची यादी आपल्याकडे ठेवायची. आणि आईचं लुगडं पेटीत ठेवायचं नाही."

हे वाक्य मला कसं सुचलं, ठाऊक नाही. पण सूनबाईला सांगितल्यावर ती म्हणाली की नियम तोच आहे. फोटो, पानं, भाव यांच्या नकला शेततळ्यात ठेवायच्या. पण गिऱ्हाइकाची टोपली, त्याचा पत्ता, पैशांचा हिशेब यांची नक्कल ठेवायची नाही. ते दर वेळी थेट विहिरीवर. नाहीतर कोथरूडच्या आईची टोपली भोसरीच्या मामांना दिसायची. आणि भाव बदलला की शेततळं रिकामं करून पुन्हा भरायचं, नाहीतर लोक गेल्या आठवड्याच्या भावात चटणी नेतात.

दादा जेवायला बसताना म्हणाला, "करा काय करायचं ते. यादी मातुर नानानं तपासायची. ३२ वर्षं त्येनं दुसरं काय केलंय?"

रात्री ११ वाजता काम सुरू झालं. त्या वेळी गिऱ्हाइकं झोपतात. दुकानाच्या पत्त्याची जुनी नोंदवही एका पडद्यावर आणि नवी दुसऱ्यावर. मी जुन्यातली ओळ मोठ्याने वाचायची आणि सूनबाईने नव्यात ताडून "आहे" म्हणायचं. माझा आवाज सुटला. भिंतीवरच्या पालीसुद्धा हजर असल्यासारख्या थांबल्या होत्या. सहा ओळी झाल्या आणि वहिनी चहा घेऊन आल्या. "भावजी, आलं घातलंय." मी कप घेतला, घोट घेतला, आणि पुढची ओळ वाचली. सगळं जुळलं. पुतण्याने बटण दाबलं.

लगेच काहीच झालं नाही. जुना पत्ता पाठ असलेले पोस्टमन जगभर असतात, त्यांना नवा कळायला काही तास लागतात. क्वचित दोन दिवसही. तोवर कुणाला दुकान जुन्या जागी दिसतं, कुणाला नव्या. बुद्रुक की खुर्द, असा प्रकार. मला त्या ११ रुपयेवाल्या सज्जनाची फार आठवण झाली.

सकाळी पानं झटकन उघडत होती. सगळे खूष. दुपारपर्यंत एकाही गिऱ्हाइकाची चिठ्ठी आली नाही. संध्याकाळपर्यंत नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्याने शोध घेतला तेव्हा कळलं, की नोंदवहीतली सातवी ओळ नव्या वहीत उतरलीच नव्हती. दुकानाची टपाल कुठे टाकायची हे सांगणारी ओळ. सहावी झाली, आल्याचा चहा आला, आणि मी आठवी वाचली. ३२ वर्षांच्या नोकरीत माझा एक ताळा चुकला नव्हता, हे मी आजवर निदान ३२ हजार वेळा सांगितलं असेल. ते मला आता सांगता येत नाही. सूनबाईने मुकाट्याने ओळ घातली, आणि "नाना, असं सगळ्यांचंच होतं" असं म्हणाली. हे वाक्य बोलण्यांपेक्षा जास्त लागतं.

नव्या पाटकऱ्याचा पहिला प्रताप तिसऱ्या दिवशी दिसला. दादाने आपल्या मोबाइलवर दुकान उघडलं, बोट जड असल्याने ते दहा-बारा वेळा उघडलं, आणि पाटकऱ्याला संशय आला. पडद्यावर नऊ चित्रं आली. तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. सिग्नलचा दिवा असलेली चित्रं निवडा. वरकुट्यात सिग्नल नाही. दादाने विजेचे खांब निवडले. पुन्हा चित्रं आली. त्याने देवळाच्या दीपमाळेसारखं दिसणारं काहीतरी निवडलं. तिसऱ्यांदा मोबाइल आपटून तो म्हणाला, "चोराला सोडतो आन् धन्याला चावतो! असलं कुत्रं आमी एकदा पाळलं होतं." सूनबाईने पाटकऱ्याचा डोळा थोडा मवाळ केला. तेही करता येतं म्हणे.

ऑक्टोबरात दिवाळी आली. मी वसुबारसेलाच वरकुटं गाठलं. कारण विचारलं असतं तर भूक असं सांगितलं असतं. त्याच मुंबईच्या बाईंनी या वेळी आमच्या भाजणीची चकली तळून दाखवली. संध्याकाळी पडद्यावर गर्दीची रेघ वर चढायला लागली. पुतण्या नखं खात होता, वहिनी देवाजवळ बसल्या होत्या, दादा गोठ्यात. रेघ गेल्या दिवाळीच्या उंचीला पोचली, तिच्याही वर गेली, आणि दुकान उभं! अमेरिकेतल्या आमच्या मशीनपर्यंत फक्त पैसे भरणारे पोचत होते. नुसते चकल्या बघणारे सगळे शेततळ्यावरच तृप्त होत होते. पाटकऱ्याने किती खोटे नमुना सात फाडले, त्याचा आकडा सूनबाईने दाखवला. माझ्या सबंध नोकरीत मी तेवढे खरे पाहिले नव्हते.

रात्री १२ वाजता खोकी बांधताना चिकटपट्टी संपली. इंदापूरची दुकानं बंद. बारा बायका हात थांबवून एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा दादा उठला, माळ्यावर चढला आणि आषाढातले सुतळीचे दोन गुंडे घेऊन खाली आला.

"धर," तो मला म्हणाला. "तुझी नोकरी सुरू."

तुळशीच्या लग्नाआधी पाटल्या सुटल्या. वहिनींनी वाढताना त्या मुद्दाम वाजवल्या, आणि आम्ही सगळ्यांनी वर्षाने त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. पुण्याच्या अर्जांचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही.

१८ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी मात्र दादाचा मला फोन आला. क्लाउडफ्लेअर ही याच धंद्यातली मोठी कंपनी बसली होती, आणि तिच्यामागे एक्स, चॅटजीपीटी वगैरे पुष्कळ दुकानं तीनेक तास आडवी झाली होती. यंत्रं ओळखायची यादी चुकून अवाच्या सवा फुगली आणि ती वाचता वाचता पाटकऱ्यालाच चक्कर आली, असा प्रकार. आमची कंपनी दुसरी, म्हणून आम्ही उभे होतो. "पर उद्या आपल्या पाटकऱ्याला चक्कर आली तर?" दादाने विचारलं. मी म्हणालो, "म्हणून तर यादी." ती यादी, सातव्या ओळीसकट, सूनबाईने छापून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे, आणि फराळाच्या प्रत्येक डब्यावर घरचा फोन नंबर छापला आहे. भाटघर असो की ढग, टेलच्या माणसाने घरात एक घागर भरून ठेवावी.

हल्ली मी रोज सकाळी दुकान उघडून बघतो. घ्यायचं काही नसतं. उघडतंय का एवढंच बघायचं. परवाही बघत होतो. मसाल्याचा डबा झटकन पुढे आला, मुंबईच्या शेततळ्यातून, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी मनात म्हटलं, वा! आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून चर्र असा आवाज आला.